जहाज मंद, लग्न पुढे

वालूरहून कुठल्याही दिशेनं निघा, समुद्र लांबच. मी पोहायला शिकलो तो गावातल्या बारवेत, पायऱ्यांवरून उड्या मारून. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो नोकरीच्या मुलाखतीला मुंबईला गेलो तेव्हा. मुलाखत घेणाऱ्या साहेबांनी विचारलं, "परभणी जिल्ह्यात बंदर कोणतं?" मी म्हणालो, "सेलू. तिथं रेल्वे थांबते." ते हसले आणि त्यांनी मला घेतलं. हसले म्हणून घेतलं की मार्क बघून घेतलं, हे मला अजून कळलेलं नाही.

तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत मालवाहू जहाजांच्या पोटात राहिलो. तिथं माझं नाव दत्ता आहे हे पगारवाल्या कारकुनाखेरीज कुणाला ठाऊक नसावं. सगळे 'परभणी'च म्हणत. गावाकडं लोकांना वाटे की दत्ता बोट चालवतो. बोट चालवतो कप्तान, वर, स्वच्छ पांढऱ्या कपड्यात. मी ती चालती ठेवायचो, खाली, तेलकट डगल्यात. वाड्या-वस्तीवर मोट हाकणारा वेगळा आणि मोटेला वंगण घालणारा वेगळा, तसंच समजा. फक्त आमची मोट तीन मजली उंच होती.

जहाज जे तेल जाळतं ते पाहिलं तर तुम्ही त्याला तेल म्हणणार नाही. डांबराचा सख्खा भाऊ. थंड असताना त्यात काठी उभी राहते. ते आधी तापवायचं, मग गाळायचं, मग गरगर फिरणाऱ्या यंत्रातून पाणी आणि गाळ वेगळा काढायचा, तेव्हा कुठं इंजिन त्याला तोंड लावतं. ते पुरतं जळलं तर चिमणीतून फिकट धूर निघतो, अर्धवट जळलं तर काळाकुट्ट. चीफ इंजिनिअरची सगळी इभ्रत त्या चिमणीच्या तोंडाशी टांगलेली असते. समोरून जाणाऱ्या जहाजाचा धूर काळा दिसला की आमच्या इंजिनरूममध्ये सगळ्यांना उगाचच बरं वाटायचं.

मी नोकरीला लागलो तेव्हा तेलाचे भाव भडकलेले होते. आधीच्या पिढीचे लोक सांगायचे की त्यांच्या वेळी कुणी तेल मोजत नसे, पाण्यासारखं जाळायचं आणि पळायचं. आमच्या वेळी मात्र कंपनी रोज दुपारी विचारायची, काल किती चाललात आणि किती तेल प्यालात? या तेलापायी माझं लग्न मोडता मोडता कसं राहिलं, तेच सांगतो.

मी तेव्हा सेकंड इंजिनिअर होतो. लग्न ठरलं होतं जिंतूरच्या शालिनीशी. शालिनी बी. एस्सी., बी. एड., तिथल्याच हायस्कुलात विज्ञान शिकवायची. तिचे वडील माधवराव तहसिलात अव्वल कारकून. बघण्याच्या कार्यक्रमाला तिचे काका रंगनाथराव यांनी मला एकच प्रश्न विचारला होता.

"बोट बुडती का हो?"

"कधी कधी," मी खरं ते सांगितलं. आमचे दादा, म्हणजे माझे वडील, शेजारी बसून एवढ्या जोरात खोकले की पोह्यांची बशी हलली. शालिनी मात्र हसली. ती हसली, आणि पुढची सगळी बोलणी मला ऐकूच आली नाहीत.

लग्न ज्येष्ठात धरलं. मला वाटलं, भरपूर वेळ आहे. आमचं जहाज ऑस्ट्रेलियाहून गहू घेऊन मुंबईला यायचं होतं. तिथं उतरलो की रजा मंजूर. निघताना आमच्या चीफ इंजिनिअरांना पोटाचं दुखणं निघालं, त्यांना तिथंच दवाखान्यात ठेवावं लागलं, आणि मुंबईपर्यंत इंजिनाचा कारभार माझ्याकडे आला.

कप्तान होते केरळचे कुरियन. मोठ्या मनाचा, मोठ्या आवाजाचा माणूस. आमची भाषा हिंदी-इंग्रजीची खिचडी, इथं मराठीत सांगतो. त्यांना माझ्या लग्नाची माझ्यापेक्षा जास्त घाई. रोज सकाळी नकाशावर बोट ठेवून म्हणायचे, "परभणी, तुझी बायको एवढी जवळ आली!" आणि माझ्यासाठी म्हणून जहाज पळवायचे. जहाजाचा तळ आधीच खराब होता. त्याआधी एका बंदराबाहेर आम्ही धक्का मिळायची वाट बघत कोमट पाण्यात फार काळ उभे राहिलो होतो, त्यामुळे तळाला शेवाळ आणि शिंपल्यांची वस्ती झाली होती. असा खरखरीत तळ घेऊन वेगात जायचं म्हणजे ओल्या काळ्या रानातून भरली गाडी ओढायची. बैल चालतात, पण कडबा किती खातात विचारू नका.

हिंदी महासागराच्या मधोमध आम्ही तेलाची शेवटची मोठी टाकी उघडली, आणि थोड्याच वेळात इंजिनाला उचकी लागली. गाळायच्या यंत्रातून पाणी यायला लागलं. थोडं नव्हे, बादल्याच्या बादल्या. चाखून पाहिलं तर खारं. टाकीतून जाणारा एक जुना पाइप आतल्या आत कुजला होता आणि समुद्राचं पाणी तेलात शिरलं होतं. ज्या टाकीच्या भरवशावर आम्ही घरी पोचणार होतो तिचं काळं ताक झालेलं.

मी उरलेल्या चांगल्या तेलाचा हिशेब केला आणि वर गेलो. कप्तान खुशीत होते.

"काय परभणी? मेंदी लावली का हाताला?"

"सर, या वेगानं गेलो तर मुंबईच्या आधीच तेल संपेल."

त्यांनी नकाशा पुढं ओढला. भर समुद्रात इंजिन बंद पडणं म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. जहाज आपोआप लाटेला आडवं होतं. सुकाणू असून नसल्यासारखं. पोटात हजारो टन गहू, आणि वारा नेईल तिकडं जायचं. त्यात दिवस असे, की अरबी समुद्र कधी खवळेल याचा नेम नाही.

"मग?" कप्तान म्हणाले.

"दोन रस्ते आहेत. कोलंबोला वळायचं, तेल घ्यायचं. नाहीतर वेग कमी करून सरळ मुंबई."

इथं वाचकांना आमच्या धंद्यातली एक गंमत सांगितली पाहिजे. एसटी हळू चालवली तर डिझेल थोडंफार वाचतं. जहाजाचं तसं नाही. पाणी हवेसारखं निमूटपणे बाजूला होत नाही, ते भांडतं. आणि जितक्या जोरात घुसाल तितक्या पटीनं जास्त भांडतं. जहाजाचा वेग निम्मा केला, तर तासाला लागणारं तेल कागदावर आठवा हिस्सा होतं. प्रवासाला वेळ दुप्पट लागतो, तरी तेच अंतर पाव तेलात कापलं जातं. प्रत्यक्षात एवढं वाचत नाही, कारण दिवे, पंखे, पंप, भटारखाना यांना तेल लागतंच. पण वाचतं ते पुष्कळ. हे सगळ्या कप्तानांना माहीत असतं. माहीत असून माणूस घाई करतो, कारण कुणीतरी घाई करा म्हणून मागे लागलेलं असतं. या वेळी मागे लागलेलं कुणी नव्हतं. कप्तान माझ्यासाठी घाई करत होते.

कंपनीचं उत्तर वायरलेसवर आलं: चीफ इंजिनिअर खात्री देत असेल तर सरळ मुंबईला या, नाहीतर कोलंबो.

चीफ इंजिनिअर म्हणजे मी. नुकताच झालेला.

कप्तान म्हणाले, "कोलंबोला चल. मी कंपनीला कळवतो, दुसरा इंजिनिअर पाठवा म्हणून. तू तिथून विमानानं जा. लग्न गाठशील."

खोटं कशाला सांगू, मोह झाला. पण दुसरा माणूस येईपर्यंत मला उतरता येणार नव्हतं, आणि तो कधी येईल हे कुणीच सांगू शकत नव्हतं. शिवाय ते काळं ताक माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. ते तापवून, निवळू देऊन, खालचं पाणी सोडून देऊन त्यातलं निम्मं तरी तेल परत मिळेल असं मला वाटत होतं. मी पुन्हा एकदा सगळं मांडलं. हवामान साथ देईल असं धरून पुरत होतं. साथ न दिल्यास जेमतेम पुरत होतं.

"सर, हळू जाऊ या," मी म्हणालो. "खात्री देतो."

"आणि लग्न?"

"ते तारेनं पुढं ढकलतो."

कप्तानांनी माझ्याकडं असं पाहिलं, की जणू मी जहाजाचा नांगर गिळतो म्हणालो.

वायरलेसवर गोव्याचा फर्नांडिस होता. तो म्हणाला, "शब्द कमी ठेव. इथून कोलंबो, तिथून मुंबई, तिथून तुझं खेडं. जितके शब्द, तितक्या चुका." म्हणून आम्ही रोमन अक्षरांत चारच मराठी शब्द पाठवले: जहाज मंद लग्न पुढे.

"मंद म्हणजे?" फर्नांडिसनं विचारलं.

"हळू."

"छान शब्द आहे," तो म्हणाला आणि खटखट सुरू केलं.

मग आमचा हळू प्रवास सुरू झाला. हळू जाणं सोपं असतं असं कुणाला वाटत असेल तर तो गैरसमज आहे. ते इंजिन वेगात पळायला घडवलेलं. त्याला रांगायला लावलं की तेल नीट जळत नाही, नळ्यांत काजळी धरते. म्हणून रोज थोडा वेळ त्याला जोरात पळवून काजळी उडवायची आणि पुन्हा रांगायला लावायचं. दोन जनरेटर चालायचे, त्यातला एक बंद केला. थंड हवेचं यंत्र बंद. आंघोळीचं गरम पाणी बंद. भटारखान्यात पाव भाजणं एका दिवसाआड. आचारी माझ्याशी बोलेनासा झाला. रत्नागिरीचा तांडेल, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, रोज खाली डोकावून विचारायचा, "परभणीकर, बैलांना पाणी दाखवायचं का?" मी म्हणायचो, "दाखवा, पण खारं नको."

एक दिवस वारा उठला. लाटा तिरक्या यायला लागल्या आणि हळू जहाजाला लाटांकडं तोंड धरून राहता येईना. कप्तानांनी वरून विचारलं, "वेग देतोस?" दिला. तो पूर्ण दिवस इंजिन पोटभर तेल पीत राहिलं आणि मी काचेच्या नळीतली पातळी उतरताना बघत राहिलो. जेवण गेलं नाही. हिशेबातली सगळी शिल्लक त्या दिवशी संपली. दुसऱ्या दिवशी वारा पडला. तोवर निवळत ठेवलेल्या खराब टाकीतून वापरण्याजोगं तेल यायला लागलं होतं. ते गाळून गाळून आम्ही पुढं सरकलो.

लग्नाचा दिवस त्यातच कधीतरी आला. त्या दिवशी मी बंद ठेवलेल्या जनरेटरच्या धुराच्या नळीत खांद्यापर्यंत हात घालून काजळी खरवडत होतो. अंगाला हळद लागायची, ती काजळी लागली. संध्याकाळी आचाऱ्यानं अबोला सोडून माझ्यासाठी शिरा केला. कशाचा म्हणून विचारलं, तर म्हणाला, "लग्नाचा. नवरी नाही, पण नवरा आहे ना!"

मुंबईचा किनारा दिसला तेव्हा टाकीत टेप सोडून पाहिली. टोक ओलं झालं, बस. कप्तानांनी ते टोक बोटानं चाचपून पाहिलं आणि मला मिठी मारली. त्यांचा पांढरा शर्ट कायमचा कामातून गेला.

आणि मग ती गंमत. बंदराबाहेर जहाजांची रांग लागलेली. धक्का मोकळा नव्हता. आमच्या आधी भरधाव आलेली जहाजं केव्हाची नांगर टाकून उभी होती. तेल असतं आणि आम्ही पूर्ण वेगानं आलो असतो, तरी त्यांच्याच मागं उभे राहिलो असतो, जागचे जागी. कप्तान आणि मी एकमेकांकडं बघून हसत सुटलो. जगातलं किती तेल निव्वळ रांगेत लवकर उभं राहण्यासाठी जळतं, हा विचार माझ्या डोक्यात तेव्हा पहिल्यांदा आला.

तेलाची होडी आली, दुसरा इंजिनिअर आला, मी सुटलो. मनमाडला गाडी बदलली, सेलूला उतरलो. वालूरच्या एसटीत ओळखीचे कंडक्टर होते. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"जाऊ द्या दत्ताभाऊ. मानूस जगला हे लय झालं. नौकऱ्या छप्पन मिळत्यात."

मला काही उलगडा होईना. गावात उतरलो तर पारावरची मंडळी उठून उभी राहिली. कुणी हळहळलं, कुणी पाणी दिलं. घरी दादा ओसरीवर बसले होते.

"आलास? बरं झालं. कदी बंद पडली रे कंपनी?"

"कंपनी कुठं बंद पडली?"

"आं? तूच तार केलीस न्हवं!" त्यांनी खुंटीवरच्या सदऱ्यातून तार काढली. तिच्यावर लिहिलं होतं: जहाज बंद लग्न पुढे.

वाटेत कुठंतरी एक अक्षर बदललं होतं. 'म'चा 'ब' झाला होता. आणि कुणालाही शंका आली नव्हती, कारण त्या दिवसांत 'बंद' हा शब्द रोजचाच झालेला. विद्यापीठाच्या नामांतराच्या बाजूनं मोर्चा, विरोधात मोर्चा. आज बाजार बंद, उद्या कॉलेज बंद, परवा एसटी बंद. तसंच जहाजही बंद झालं असेल, यात नवल ते काय? पोस्टमास्तरांनी तार मोठ्यानं वाचून दाखवली होती. पोस्टात जे होते त्यांनी ती बाजारात नेली, बाजारातून ती एसटीनं जिंतूरला गेली.

मी हसत हसत सगळं समजावून सांगितलं. दादा बराच वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, "म्हंजी नौकरी हाय?"

"आहे."

"मग हसायलास काय? जिंतूरला जा पयले! त्या रंगनाथरावानं दुसरं स्थळ बघायला सुरू केलंय म्हनं. मी दोनदा जाऊन आलो. पर मी काय सांगनार? मलाच वाटलं तू आता रानात येतूस. तुला तर धड वखराची पाळी बी घालता येत न्हाई, ह्या काळजीनं झोप न्हाई मला."

दुसऱ्या दिवशी निघालो तर खरोखरच एसटी बंद. सरकीची पोती घेऊन जाणाऱ्या ट्रकमध्ये पोत्यांवर बसून जिंतूर गाठलं. अंगभर कापसाचे तंतू चिकटलेले. अशा अवतारात मी माधवरावांच्या दारात उभा राहिलो, आणि रंगनाथकाकांना त्यांचं म्हणणं आपोआप सिद्ध झाल्यासारखं वाटलं.

"या, बसा," माधवराव म्हणाले. माणूस सज्जन, आवाज पडलेला. "तब्येत बरी आहे ना? आम्ही तुम्हाला दोष देत नाही. वक्त कुणावरही येतो."

"बाबा, जहाज बंद पडलेलं नाही. मी ते मुद्दाम हळू आणलं."

"मुद्दाम?" काका पुढं सरकले. "सोताचं लगीन असताना मुद्दाम हळू आनलं? याचा अर्थ काय समजायचा आमी?"

हा अर्थ मला तोपर्यंत सुचलाच नव्हता. मी टाकीपासून सुरुवात केली. कुजलेला पाइप, खारं पाणी, उरलेलं तेल, वेग आणि तेलाचं गणित. समोरच्या तांब्याला जहाज केलं, पानाच्या डब्याला कोलंबो केलं. काका मध्येच म्हणाले, "हळू गेल्यानं येवढं तेल वाचतं, तर मग समदे हळूच का जात न्हाईत?" प्रश्न बिनतोड होता. मी म्हणालो, "काका, हे मलाही कळत नाही."

एवढ्यात शालिनी शाळेतून आली. दारातच थांबून तिनं शेवटचं बोलणं ऐकलं असावं. कुणाकडे न बघता, छत्री कोपऱ्यात ठेवत तिनं विचारलं,

"तेल पुरलं का शेवटी?"

सेलूपासून जिंतूरपर्यंत सगळ्यांनी मला नोकरीचं विचारलं होतं. तेल पुरलं का, हे कुणी विचारलं नव्हतं.

"पुरलं," मी म्हणालो.

"किती उरलं?"

"टाकीत टेप सोडली तर टोक ओलं झालं. तेवढं."

ती माझ्याकडं वळली. "मधे वारा उठला असता तर?"

"उठला होता. एक दिवस."

"मग?"

"त्या दिवशी जेवलो नाही."

ती आत गेली. आतून तिचा आवाज आला, अगदी रोजच्यासारखा: "आई, गुरुजींना निरोप धाड. मुहूर्त विचारून घे."

रंगनाथकाका उठून उभे राहिले, बसले, पुन्हा उठले, आणि शेवटी स्वतःच गुरुजींकडं गेले. मुहूर्त संपत आले होते. गुरुजींनी पंचांग उलटंपालटं करून एक काढीव मुहूर्त काढला. मांडवात काका प्रत्येक पाहुण्याला तांब्या आणि पानाचा डबा घेऊन जहाजाचं गणित समजावत होते. वालूरच्या पोस्टमास्तरांनी कप्तान कुरियन यांची तार आणली. तिच्यात लिहिलं होतं: आता पूर्ण वेग. मास्तरांनी ती आधी दोनदा मनात वाचली, मग मला दाखवून खात्री करून घेतली, आणि मगच मांडवात मोठ्यानं वाचली.

ही झाली माझ्या हळूपणाची गोष्ट. पण तिला एक शेपूट आहे, आणि त्यात मला थोडी रुखरुख आहे.

पुढं मी खराखुरा चीफ इंजिनिअर झालो. तेल वाचवण्यात माझं नाव झालं. तळ घासून घेणं, जहाज ढकलणाऱ्या पंख्याची पाती आरशासारखी करून घेणं, इंजिनातली तेलाची फवारणी जुळवणं, या सगळ्याचा मला नाद लागला. पण मी तेल वाचवलं ते तेल महाग म्हणून. जे जाळत होतो त्याचं पुढं काय होतं, हे मनात आलं नाही. धूर फिकट दिसला की माझं काम संपलं, असं मी समजत आलो.

नामांतराच्या त्या साऱ्या काळाच्या शेवटी-शेवटी, एका उन्हाळ्याच्या सुट्टीत शालिनी माझ्यासोबत जहाजावर आली. अधिकाऱ्यांना बायकोला सोबत नेता येत असे. एका दुपारी ती डेकवर खुर्ची टाकून बसली होती, नजर चिमणीकडं. मी अभिमानानं म्हणालो, "बघ, धूर दिसतो तरी का?"

"दिसत नाही म्हणजे निघत नाही का?" ती म्हणाली. "रोज किती तेल जळतं?"

मी आकडा सांगितला.

"मग त्याच्या तिप्पट वजनाचा वायू वर जातो. जरा जास्तच."

"एका टनातून तीन टन? काहीतरीच काय! आडात एक तर पोहऱ्यात तीन कसे?"

"तेलातला कार्बन तुमचा. त्याला लागणारा ऑक्सिजन हवेतला. दोघांचं वजन मिळून तीन." तिनं माझ्या हातातली पेन्सिल घेऊन डेकच्या कठड्यावर गणित मांडलं, नववीच्या पोरांना मांडून दाखवावं तसं. मी दोनदा तपासलं. बरोबर होतं. या वायूनं पृथ्वी तापते असं तिनं नुकतंच वाचलं होतं. वर्षानुवर्षं मी तेलाचा थेंब न् थेंब मोजला होता, आणि त्याच्या तिप्पट वजनाचं जे रोज माझ्याच डोक्यावरून निघून जात होतं, ते एकदाही मोजलं नव्हतं.

मी कप्तानांकडं गेलो. हे कुरियन नव्हते; वयानं माझ्याहून लहान, नियमाचे पक्के.

"वेग थोडा कमी करता येईल का?"

"तेल कमी आहे?"

"नाही, भरपूर आहे."

"इंजिनात बिघाड?"

"नाही."

"मग कुणाचा आदेश?"

"घरून आलाय," मी म्हणालो.

ते हसले. पण माणूस ऐकणारा होता. त्यांनी बंदरातल्या एजंटाला वायरलेसनं विचारलं, तर उत्तर आलं, धक्का मोकळा नाही, रांग आहे. मग त्यांनी कंपनीला विचारलं. कंपनीला तेल वाचतंय म्हटल्यावर काय, त्यांनी लगेच होकार दिला. आम्ही वेग उतरवला.

दुसऱ्या दिवशी एक जहाज आम्हाला मागे टाकून गेलं. मोठं, नवं, चिमणीतून काळा लोट सोडत. त्यांच्या डेकवरून कुणीतरी आम्हाला दोर दाखवला, ओढून नेऊ का म्हणून. आमच्या खलाशांची मान खाली गेली. मलाही, काय सांगू, आतून लागलं. सबंध आयुष्य इंजिनात घालवलेल्या माणसाला कुणी ओलांडून जाणं सोसत नाही. शालिनी कठड्याशी उभी राहून ते जहाज लहान होईपर्यंत बघत होती.

आम्ही बंदराबाहेर पोचलो तेव्हा सकाळ झाली होती. रांगेत शेवटी तेच जहाज, नांगर टाकून. दोर दाखवणारा खलाशी आता त्याच कठड्यावरून गळ टाकून मासे धरत बसला होता. आम्ही त्याच्या शेजारी जाऊन नांगर सोडला.

शालिनीनं त्याला हात केला. त्यानं आधी ओळखलं नाही, मग ओळखलं, आणि लाजून हसला. तिनं हातानंच विचारलं, मासा लागला का? त्यानं रिकामी बादली उलटी करून दाखवली.